उलांडी तीच, नाव वेगळी

घरी उलांडीची (नाव कलंडू नये म्हणून एका अंगाला आडव्या वाशांनी जोडलेल्या तरंगत्या ओंडक्याची) नाव बांधायला घेतलेला एखादा गडी तीन महिन्यांनी फोन करतो. "प्रोआ बांधतोय, मागे सुकाणू कसलं लावू?" दोन जातींच्या होड्यांची खिचडी झालीय हे तिथेच कळतं. मागेपुढे पक्कं ठरलेल्या नावेलाच मागे सुकाणू लागतं. तो ज्या प्रोआची चित्रं बघून हुरळलाय, ती दोन्ही टोकांनी चालते, तिला 'मागे' असं काही नसतंच.

थोडा दोष शब्दाचाही आहे. मलय भाषेत 'पेराहू' म्हणजे नुसती नाव. त्याचंच पुढे प्रोआ झालं आणि हौशी बांधणारे उलांडी दिसली की हाच शब्द चिकटवायला लागले. कॅटामरान म्हणणारे तर वेगळेच. तमिळ कट्टुमरम म्हणजे बांधलेले ओंडके. आजच्या कॅटामरानला दोन सारख्या नावा शेजारी शेजारी असतात. उलांडी म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकाला मी सांगायला नकोच होतं.

आता मुद्द्याचं. शिडाच्या नावेला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. या प्रत्येक वळणावर उलांडी कुठे असते, सगळा फरक तिथे आहे.

हवाईची नाव टॅक करते. उलांडी कायम डाव्या अंगाला. नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवायची, शीड पलीकडे जातं, वारा दुसऱ्या अंगाने येतो. म्हणजे एका खेपेला उलांडी वाऱ्याकडे, पुढच्या खेपेला वाऱ्याआड, म्हणजे वारा येतो त्याच्या पलीकडच्या अंगाला. प्रशांत महासागरातली मार्शल बेटं, किरिबाटी इथल्या नावा आणि आपल्या शेजारची श्रीलंकेची ओरुवा नाव यांची रीत निराळी. तिला शंट म्हणतात. उलांडी सतत वाऱ्याकडेच ठेवायची. दिशा बदलायची तर शिडाची दोरी सैल सोडून नाव थांबवायची. खेकड्याच्या नांगीसारखं शीड असेल तर त्याचं खालचं टोक उचलून नावेच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं, सुकाणूचं वल्हंही हलवायचं, दोरी खेचायची आणि आली त्याच्या उलट निघायचं. नाळ होती ती शेपूट झाली. म्हणून दोन्ही टोकं सारखी आणि डोलकाठी मधोमध. हवाईच्या नावेत ती पुढे सरकलेली असते.

यातून उलांडीचं काम बदलतं, आणि लोक नेमके इथेच आपटतात. शंटवाल्या नावेत उलांडी म्हणजे वजन. वारा नाव कलंडवायला बघतो आणि वाऱ्याकडची उलांडी तिला खाली धरून ठेवते. ती बारीक असली तरी भागतं, कमी पडलं तर माणूस तिच्याकडे सरकून बसतो. टॅकवाल्या नावेत तीच उलांडी अर्धा वेळ वाऱ्याआड असते, शीड तिला पाण्यात दाबतं. तिथे वजन कामाचं नाही, तरंगण्याचा जोर लागतो.

तरी प्रत्येकाला प्लंबरच्या पाइपाची उलांडी हवी असते. हिशेब करा: १५० मिलिमीटर व्यास, ३ मीटर लांबी, दोन्ही तोंडं बंद. आत मावतं सुमारे ५३ लिटर. पूर्ण बुडाला की तो जेमतेम ५३ किलो उचलणार, त्यातून पाइपाचं वजन वजा. माझं वजन ७४. मी ही अक्कल खाडीत शिकलो. वाऱ्याचा एक झोत आला, वाऱ्याआडचा पाइप आवाजही न करता खाली गेला आणि मागोमाग मी. तेव्हापासून टॅकवाल्या नावेला १०० लिटरच्या खालची उलांडी मी बांधत नाही. पाइप मांडवाला वापरा.

शंटचं दुखणं वेगळं. वारा अचानक उलट्या अंगाने आला तर शीड डोलकाठीवर चिकटतं आणि तिथून दाब उलांडीवर येतो. बारीक उलांडी बुडते. डोलकाठीला ताण दिलेला असतो वाऱ्याकडून, म्हणून कधीकधी तीही आडवी होते.

बाकी फरक किरकोळ. मायक्रोनेशियात, म्हणजे मार्शल-किरिबाटीच्या भागात, नावेची वाऱ्याआडची बाजू चपटी ठेवतात, उलांडीच्या ओढीने नाव वळत राहू नये म्हणून. टॅकवाल्या नावेत ही नक्कल करू नका. प्लायवुड दोन्हींना तेच. आयएस ७१० या मरीन प्लायवुडच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या, दुकानदाराच्या तोंडच्या 'वॉटरप्रूफ'वर जाऊ नका. आडवे वासे दोरीने बांधा. नटबोल्ट लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या नावेत बसतही नाही.

नकाशे हवे असतील तर उलांडीच्या नावांचे आराखडे करणारे गॅरी डिअर्किंग यांच्याकडे बघा, त्यांच्या आराखड्यांत दोन्ही जाती मिळतात: उलुआ टॅकवाली, टी२ शंटवाली. एकीची नाव आणि दुसरीची उलांडी असं मात्र करू नका.

पहिली नाव खाडीत चालवायची असेल तर माझं मत पक्कं आहे: टॅकवालीच बांधा. डोंगराच्या कुशीत वारा दर वळणावर तोंड फिरवतो आणि शंटवालीला नेमकं तेच सोसत नाही. शंटची हौस असेल तर मोकळ्या पाण्यावर, एकसारख्या वाऱ्यात जा, आणि शिडाचं टोक उचलून पळायला एक चपळ माणूस बरोबर घ्या. माझ्याकडे तो नाही. पुतण्या एकदा आला होता, आता फोन उचलत नाही.