‘पूर्ण इमेज’ किती पूर्ण? बोर्डावरच्या साठवणीच्या बॅकअपची पार्श्वभूमी

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर (एकाच छोट्या बोर्डावर मावणारा कॉम्प्युटर) वापरणाऱ्यांना बॅकअपची सवय लागली ती एसडी कार्डामुळे. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा असा बोर्ड आला तेव्हा त्याच्यावर स्वतःची साठवण नव्हतीच. बूटच्या (सुरू होण्याच्या) फाइल्स, कर्नल (सिस्टिमचा गाभा), आपला डेटा, सगळं कार्डावर. त्यामुळे रीतही सरळ होती: बोर्ड बंद करायचा, कार्ड रीडरमध्ये घालायचं आणि डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेने पहिल्या सेक्टरपासून (साठवणीच्या छोट्या तुकड्यापासून) शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचं. बिघडलं की तीच फाइल दुसऱ्या कार्डावर लिहायची. ‘पूर्ण इमेज’ हा शब्द तेव्हा रूढ झाला आणि त्या काळापुरता तो खराही होता.

डीडी स्वतः १९७० च्या दशकातल्या युनिक्समधला. त्याचं नाव आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या जॉब कंट्रोल लँग्वेजमधल्या डीडी विधानावरून आलं. त्याला फाइलसिस्टिम (साठवणीवरची फाइल्सची मांडणी) कळत नाही, समोर येईल तो बाइट तो पुढे ढकलतो. मात्र कुठून वाचायचं हे आपणच सांगायचं असतं, आणि पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

२०१३ मध्ये बीगलबोन ब्लॅक आला. त्याच्यावर २ जीबीची ईएमएमसी (फ्लॅश साठवणीची) चिप थेट सोल्डर केलेली होती, पुढच्या वर्षी ती ४ जीबी झाली. ही चिप काढून रीडरमध्ये घालता येत नाही. मग रीत उलटी झाली: बोर्ड कार्डावरून चालू करायचा आणि तिथून ईएमएमसीकडे बघायचं. नवी सिस्टिम टाकण्यासाठी ‘फ्लॅशर’ कार्डं निघाली. बूटचं बटण दाबून धरायचं, वीज जोडायची, दिवे लागले की बटण सोडायचं. चार निळे दिवे या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहतात, आणि ते धावणं थांबेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. हीच युक्ती उलटी वापरून ईएमएमसी वाचून कार्डावर इमेज उतरवणाऱ्या छोट्या स्क्रिप्टही लवकरच फिरू लागल्या. त्या स्क्रिप्ट इमेज उतरवतानाच ती जीझिप या आज्ञेने आवळून लहान करत. त्याला कारण होतं: कार्डावर बहुधा फॅट३२ ही फाइलसिस्टिम असे आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपर्यंत पोचू शकत नाही. रिकाम्या जागेत आधी शून्यं भरून घेतली की इमेज खूपच लहान होते, कारण पुसलेल्या फाइल्सचा गाळ डीडीच्या दृष्टीने डेटाच असतो.

कार्डाच्या जमान्यातला ‘पूर्ण इमेज’ हा शब्द आपण ईएमएमसीला जसाच्या तसा लावला, आणि घोळ तिथे झाला. बाहेरून ईएमएमसी एका डिस्कसारखी दिसते, पण आत तिचे वेगवेगळे कप्पे असतात. मोठा कप्पा वापरकर्त्याचा. त्याखेरीज बूट० आणि बूट१ असे दोन छोटे कप्पे, बऱ्याच चिपवर प्रत्येकी ४ एमबीचे. शिवाय आरपीएमबी नावाचा एक सुरक्षित कप्पा, आणि ईएक्सटी-सीएसडी हा ५१२ बाइटचा नोंदींचा तक्ता. बूट कोणत्या कप्प्यातून करायचं हे या तक्त्यातल्या १७९ व्या बाइटवर ठरतं. लिनक्समध्ये बूटचे कप्पे स्वतंत्र डिव्हाइस म्हणून दिसतात. मुख्य डिव्हाइसची कितीही काळजीपूर्वक इमेज घेतली तरी त्यात त्यांचा एकही बाइट येत नाही.

सगळ्या बोर्डांना याचा फटका बसत नाही. बीगलबोन ब्लॅक मुख्य कप्प्यातूनच बूट होतो. रॉकचिप प्रोसेसरचे बोर्ड सहसा मुख्य कप्प्यातल्या ६४ व्या सेक्टरपासून बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) वाचतात, ऑलविनरचे ८ केबीच्या अंतरावरून. तिथे सबंध डिव्हाइसची इमेज पुरते. फक्त पार्टिशनची (डिस्कच्या आखलेल्या भागाची) घेतली तर मात्र बूटलोडर मागे राहतो. पण ओड्रॉइडच्या एक्सयू४ या बोर्डामध्ये ईएमएमसीवरचा बूटलोडर बूटच्या कप्प्यात असतो. या बोर्डाचं ईएमएमसी मॉड्यूल काढता येतं, अडॅप्टर लावून कार्ड रीडरमध्येही बसतं. रीडरला फक्त मोठा कप्पा दिसतो. इमेज घेतली, नव्या कोऱ्या मॉड्यूलवर लिहिली, पडताळणी बरोबर आली, आणि बोर्ड मात्र गप्प. सीरियल कन्सोलवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या जोडणीवर) एक अक्षरही येत नाही.

हा दोष इतका काळ झाकून राहिला, कारण बहुतेक जण रिस्टोअरची चाचणी त्याच चिपवर करतात. तिथे बूट० ला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे अर्धवट बॅकअपही झकास चालतो. चिप मेली, नवा बोर्ड आणला, की त्याच दिवशी तो उघडा पडतो. माझ्या मते बॅकअपच्या सूचना लिहिणाऱ्यांनी हे पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवं होतं. अजूनही अनेक सूचनांमध्ये डीडीची एक ओळ असते आणि खाली ‘झालं’ असं लिहिलेलं असतं.

चिप मरते हे काल्पनिक नाही. फ्लॅश मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते. सतत लॉग लिहून ८ जीबीची ईएमएमसी झिजली म्हणून २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १,३५,००० विजेच्या मोटारी परत बोलवाव्या लागल्या. ईएमएमसी ५.० पासून चिप स्वतःच किती आयुष्य खर्ची पडलं ते दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांत सांगते, पण तो आकडा बघणारे थोडेच.

पुढे वाटा वाढल्या. २०१४ च्या रास्पबेरी पाय कंप्युट मॉड्यूलपासून यूएसबी केबल जोडून बोर्डाची ईएमएमसी दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखी उघडता येऊ लागली. यू-बूट या बूटलोडरची यूएमएस ही आज्ञा अनेक बोर्डांवर तेच करते. रॉकचिपचा मास्करॉम आणि ऑलविनरचा एफईएल हे मोड तर चिपमधल्या रॉममध्येच असतात, म्हणून साठवण पूर्ण पुसली गेली तरी बोर्डात शिरता येतं. याच काळात बूटलोडर कार्डातून आणि ईएमएमसीतून बाहेरही पडू लागला. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये तो वेगळ्या एसपीआय मेमरी चिपवर गेला.

चालू सिस्टिमची डीडीने इमेज घ्यावी का, हा वाद जुना आहे. घेऊ नये. वाचन चालू असताना फाइलसिस्टिम बदलत असते, आणि जर्नलच्या (फाइलसिस्टिमने ठेवलेल्या बदलांच्या नोंदीच्या) भरवशावर राहणं म्हणजे वीज गेल्यानंतरच्या डिस्कचा मुद्दाम फोटो काढणं. आरसिंक या आज्ञेने फक्त फाइल्स घेणाऱ्यांची बाजू इथे भक्कम आहे. शिवाय ‘४ जीबी’ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या चिपची सेक्टरसंख्या सारखी असेलच असं नाही. लहान चिपवर इमेजचं शेपूट कापलं जातं, आणि जीपीटीची (पार्टिशनच्या तक्त्याची) राखीव प्रत नेमकी त्या शेपटातच असते. फाइल्सच्या बॅकअपला ही अडचण येत नाही, मात्र पार्टिशन आणि बूटलोडर हाताने उभे करावे लागतात. इमेजवाल्यांना दुसरा त्रास: एकाच इमेजवरून दोन बोर्ड उभे केले की दोघांच्या एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या) किल्ल्या आणि मशीन-आयडी (सिस्टिमची ओळख) एकच होतात.

बूटच्या कप्प्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ते डीडीने वाचता येतात. लिहिताना आधी फोर्स-आरओ या फाइलमध्ये ० लिहून कुलूप काढावं लागतं, कारण लिनक्स त्यांना मुद्दाम फक्त-वाचन ठेवतं. मग एमएमसी-युटिल्स या साधनाने बूटचा कप्पा निवडायचा. माझ्या बॅकअपच्या फोल्डरमध्ये आता मुख्य इमेजच्या शेजारी ४ एमबीच्या दोन फाइल्स असतात आणि ईएक्सटी-सीएसडीच्या छापील नोंदींची एक टेक्स्ट फाइल. ती टेक्स्ट फाइल डोळे मिटून परत लिहायची नसते, ती वाचण्यासाठी असते. त्यातल्या रीसेट पिनच्या नोंदीसारख्या काही गोष्टी एकदाच लिहिता येतात, नंतर बदलत नाहीत.

आरपीएमबी मात्र या फोल्डरमध्ये येत नाही. त्याची किल्ली चिपवर एकदाच लिहिली जाते आणि नंतर ती वाचताही येत नाही. ज्या बोर्डाने आपली गुपितं तिथे ठेवली असतील, त्याला नव्या चिपवर ती पुन्हा पहिल्यापासून तयार करावी लागतात.