स्वतंत्रपूर, बनगरवाडी आणि मेणवलीचा घाट

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाविषयी बोलणे निघाले की बैलाशी झालेली झुंज, त्या प्रसंगाच्या चित्रीकरणात व्ही. शांताराम यांच्या डोळ्याला झालेली इजा आणि 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना, एवढ्याच गोष्टी बहुधा आठवल्या जातात. सांगली जिल्ह्यातील प्रेक्षकाने मात्र त्याची सुरुवात आटपाडीपासून करावी, असे मला वाटते.

आटपाडी त्या काळी औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून कारभार प्रजेच्या हाती सोपवला. युवराज अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. याच प्रयोगातून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. कोंडून ठेवणाऱ्या भिंतींऐवजी विश्वास आणि शेतीचे काम, हा तिचा पाया होता; आणि ही शेतीही माणदेशातली, जिथे पाऊस नेमाने येईल याची खात्री कोणी देत नाही. पुढे संस्थान विलीन झाले, आणि आटपाडी आधी दक्षिण सातारा व १९६० पासून सांगली या नावाच्या जिल्ह्यात गेली.

चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. सहा खुनी कैदी आणि त्यांना ओसाड जमिनीवर घेऊन जाणारा जेलर, ही मांडणी स्वतंत्रपुराच्या प्रयोगावरून सुचलेली आहे. चित्रपटाला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. माझ्या मते त्याचा पूर्वार्ध, म्हणजे जमीन फोडण्याचे आणि माणसे हळूहळू सैलावण्याचे प्रसंग, आजही कसदार आहेत. शेवटचे हौतात्म्य मात्र नाटकी वाटते. स्वतंत्रपुराचे मोल रोजच्या मशागतीत होते, आणि त्याला बैलाच्या शिंगांची गरज नव्हती.

हा संयम धाकट्या माडगूळकरांकडे सापडतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीवर अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. येथेही संस्थानातून एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो, शाळा भरवतो, तालीम उभारतो, तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात; पण दुष्काळ पडतो आणि वस्ती उठते. बाहेरून आलेल्या सुधारकाला निसर्गासमोर हात टेकायला लावणारा हा चित्रपट मला शांतारामबापूंच्या चित्रपटापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, जरी तो पाहिलेले लोक थोडे भेटतात.

अलीकडच्या काळात सातारा जिल्हा पडद्यावर वारंवार येतो, पण दुसऱ्याच नावाने. 'गंगाजल'मधला (२००३) बिहार वाईत उभा राहिला, तर 'स्वदेस'मधले (२००४) चरणपूर मेणवलीच्या घाटावर वसले. 'स्वदेस'मध्येही बाहेरून आलेला अभियंता गावात वीज आणतो. ते यश मला जरा सोपे वाटते. खंडाची वसुली करायला गेलेला हाच नायक, विणकाम सोडून शेती धरल्यामुळे गावाने पाणी तोडलेल्या हरिदासाच्या झोपडीत बसतो, तेव्हा तो काही सुधारत नाही, नुसता ऐकतो, आणि रिकाम्या हातांनी परततो. साऱ्या चित्रपटात हाच भाग मला सर्वांत खरा वाटतो.