पत्त्यांच्या खेळातले वाक्प्रचार (इंग्रजी शब्दकोड्यांतील)

इंग्रजी शब्दकोड्यांत उत्तर म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्प्रचारांचा एक मोठा गट पत्त्यांच्या डावातून आला आहे. ‘फॉलो सूट’ (दुसऱ्याने केले तेच करणे) आणि ‘ट्रम्प कार्ड’ (हुकमी पत्ता) हे व्हिस्टसारख्या हुकमाच्या खेळांतले, तर ‘पोकर फेस’ (निर्विकार चेहरा), ‘एस इन द होल’ (राखून ठेवलेला हुकमी उपाय), ‘ब्लू चिप’ (भरवशाची, मौल्यवान गोष्ट) हे पोकरमधले. व्हिस्ट आता फारसे कोणी खेळत नाही, पण त्याची भाषा बोलण्यात मुरली आहे. कोडेकार याचाच फायदा उठवतो. सोडवणारा रोजच्या अर्थाकडे धावतो आणि उत्तर निघते डावातले, किंवा उलट.

पहिले शब्दकोडे आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले. पुढे अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन तऱ्हा रूढ झाल्या. अमेरिकी कोड्यात उत्तर किती शब्दांचे हे सांगत नाहीत, त्यामुळे ‘एस इन द होल’ची बारा इंग्रजी अक्षरे सलग बसतात. अर्धी भरली तरी ती निरर्थक दिसतात. स्टड पोकरमध्ये (काही पत्ते उघडे ठेवून खेळायचा पोकरचा प्रकार) पालथा ठेवलेला पत्ता म्हणजे ‘होल कार्ड’, आणि तो एक्का असेल तर खेळाडूने हातचा राखून ठेवला आहे. ‘एस अप द स्लीव्ह’ हा त्याचा भाऊ वाटतो, पण बाहीत एक्का लपवणे ही सरळ लबाडी. बोलण्यात दोन्ही एकाच अर्थाने चालतात.

‘पास द बक’ म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे. पोकरमध्ये पत्ते वाटण्याची पाळी कोणाची हे दाखवणारी खूण म्हणजे ‘बक’. वाटायचे नसेल तर ती पुढे सरकवायची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या टेबलावरच्या ‘द बक स्टॉप्स हिअर’ या पाटीमुळे हा शब्द आणखी घरोघरी गेला. ‘जॅकपॉट’ही पोकरमधलाच: गुलामांची (‘जॅक’ची) जोडी किंवा त्याहून चांगले पत्ते हाती असल्याशिवाय बोली उघडता येत नसे, तोवर मधली रक्कम वाढत राही.

इंग्रजीत चार अक्षरी ‘अँटी’ (ante, डावापूर्वी टाकायची रक्कम) हे कोडेकारांचे लाडके उत्तर, कारण त्यात दोन स्वर आणि दोन सोपी व्यंजने आहेत. अमेरिकी सूचना ‘पॉट ओपनर?’ अशी असू शकते. शेवटचे प्रश्नचिन्ह म्हणजे शब्दखेळाचा इशारा. हे ‘पॉट’ स्वयंपाकघरातले भांडे नव्हे, डावात मध्ये जमणारी रक्कम. ब्रिटिश गूढ पद्धतीत सूचनेत उत्तराची व्याख्या आणि अक्षरांचा खेळ दोन्ही असतात, तिथे तेच उत्तर असे मागता येईल: ‘वर्कर विथ एनर्जी फॉर स्टेक’. कामकरी म्हणजे मुंगी, अर्थात ‘अँट’. ऊर्जेचे चिन्ह ‘ई’. आणि ‘स्टेक’ ही सरळ व्याख्या. या पद्धतीत पत्त्यांची अक्षरेही कामाला येतात. ‘हार्ट’ म्हणजे एच, ‘किंग’ म्हणजे के. ब्रिजमधले भिडू दिशांच्या नावांनी ओळखले जातात, म्हणून ‘पार्टनर्स’ म्हटले की एन-एस किंवा ई-डब्ल्यू.

सर्वांत चिवट अडचण प्रदेशभेदाची. ‘घडण्याची शक्यता आहे’ या अर्थाने अमेरिकेत ‘इन द कार्ड्स’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘ऑन द कार्ड्स’. दोन्ही दहा अक्षरांचे आणि फरक फक्त पहिल्या अक्षराचा. ते घर दुसऱ्या शब्दाने छेदले नसेल, तर कोडे कोणत्या देशातले हे पाहूनच ‘आय’ की ‘ओ’ ते ठरवावे लागते.