सहल एकच, शरीरं दोन टोकांची: ज्येष्ठांना आणि चिमुकल्यांना एकत्र नेताना

कोल्हापुरात ज्येष्ठ नागरिक संघाची सहल वेगळी निघते आणि बालवाडीची वेगळी. दोन्ही एकत्र काढायचं कुणाला सुचलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दोघंही हळूच चालतात, दोघांनाही विश्रांती लागते, जमेल की." गाडं इथंच अडतं. पंच्याहत्तरीचं शरीर घ्या किंवा चार वर्षांचं, हाताशी शिल्लक बेताचीच असते हे खरं. पण उणीव वेगवेगळ्या ठिकाणी असते, आणि दोघांचा मध्य काढून आखलेलं वेळापत्रक दोघांनाही मानवत नाही.

रंकाळा तलावाच्या काठावरची फेरी घ्या. तरुण माणूस सेकंदाला १.२ ते १.४ मीटर चालतो. पंच्याहत्तरीच्या आसपास हा वेग ०.८ ते १ मीटरवर येतो, आणि चार वर्षांच्या मुलाची सरासरीही साधारण तिथंच भरते. मात्र मूल पळतं, थांबतं, मुंगळा बघायला उकिडवं बसतं, पुन्हा पळतं. आजोबांना एकसारखी चाल सोपी जाते. थांबणं, वळणं आणि परत निघणं, तोल जायचे प्रसंग हेच. वय वाढतं तसं बाजूला झुकलेलं शरीर सावरणं अवघड होतं, आणि हात धरलेलं मूल नेमकं बाजूलाच ओढतं. त्यामुळे आजोबांच्या हातात नातवाचा हात, हे दृश्य फोटोपुरतं ठीक. रस्त्याकडेला, पाण्याकडेला आणि पायऱ्यांवर मुलाचा हात तरुण स्वयंसेवकाच्या हातातच हवा. पाच वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक जण धरा, पाण्याजवळ दोन मुलांमागे एक. माणसाला हात दोनच असतात.

कुणाला किती चालवायचं हे वयावरून ठरवू नका, मोजा. विरंगुळा केंद्राच्या फरशीवर खडूनं चार मीटर अंतरावर दोन रेघा मारा. पहिल्या रेघेच्या एक मीटर आधीपासून नेहमीच्या चालीनं चालायला सांगा आणि दुसऱ्या रेघेच्या एक मीटर पुढं जाऊन थांबू द्या, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा मंदावलेला वेग हिशेबात येणार नाही. दोन रेघांमधल्या अंतराला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी. वृद्धांचे डॉक्टर हा आकडा अशक्तपणाची खूण म्हणून धरतात. अशा व्यक्तीला दर शंभर-दीडशे मीटरवर हाताची खुर्ची किंवा कट्टा लागतो, आणि दहा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला साडेबारा सेकंदांहून जास्त. कट्टा ४५ सेंटिमीटरपेक्षा बुटका असेल तर बसता येतं, उठता येत नाही.

पायऱ्यांचं गणित त्याहून कडक. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा जास्त भार येतो, चढताना तिपटीच्या वर, आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट. जोतिबाला "वर जाताना काही वाटलं नाही, खाली येताना पाय लटपटले" असं लोक सांगतात, ते अगदी बरोबर आहे. ट्रॅव्हलर किंवा बसची पहिली पायरी बहुधा ३५ ते ४० सेंटिमीटर उंच असते. १८ सेंटिमीटर उंचीचा, वर आणि खाली रबर ठोकलेला रुंद लाकडी पाट गाडीत ठेवला की त्या एका उंच पायरीच्या दोन होतात. चढताना दुखरा पाय नंतर, उतरताना दुखरा पाय आधी.

चपलांबद्दल बोलायलाच हवं. कोल्हापुरी चप्पल ही आपली शान, पण सहलीच्या दिवशी ज्येष्ठांच्या पायात ती नको. तळ गुळगुळीत चामड्याचा, ओल्या फरशीवर सरकतो. टाचेला पट्टा नसल्यानं चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात, पाऊल पुरेसं उचललं जात नाही आणि ठेच लागते. मागं पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल घाला. देवळात अनवाणी जाताना मधुमेहींची वेगळी काळजी घ्यावी लागते. एप्रिलच्या दुपारी दगडी फरशी कातडी भाजण्याइतकी तापते, आणि मधुमेहानं पायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर चटका कळतच नाही. संध्याकाळी फोड दिसतात. दर्शन सकाळी नऊच्या आत उरकावं, पायात जाड सुती मोजे असावेत.

ऊन, पाणी आणि शौचालय

सहल कुठं बिघडते याचा शोध घेतला, तर बहुतेकदा या तीन गोष्टींच्या साखळीपाशी येऊन थांबतो.

चार वर्षांच्या मुलाच्या दर किलो वजनामागे कातडीचं क्षेत्र मोठ्या माणसाच्या साधारण दीडपट असतं. हवा कातडीपेक्षा थंड असेल तोवर हे सोयीचं, उष्णता पटकन बाहेर जाते. पण कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं आणि एप्रिल-मेच्या दुपारी कोल्हापूरची हवा त्याच्याही वर जाते. मग तीच कातडी उष्णता आत घेते. शिवाय मुलांना घाम कमी येतो. ज्येष्ठांचं दुखणं वेगळं. घाम उशिरा सुटतो, कातडीकडे जाणारा रक्तप्रवाह पुरेसा वाढत नाही, मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणं पूर्वीसारखं जमत नाही, आणि तहानेची जाणीवच बोथट होते. मूल "पाणी पाहिजे" म्हणून ओरडतं तरी. आजी "मला नको, मुलांना द्या" म्हणतात, आणि त्यांना खरोखरच तहान लागलेली नसते.

त्यात शौचालयाची धास्ती. वाटेत सोय नसेल म्हणून अनेक बायका घरातून निघण्याआधीपासूनच पाणी तोडतात. चक्कर, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, या सगळ्याची सुरुवात इथून होते. तेव्हा पाण्याच्या बाटल्यांच्या आधी शौचालयं मोजा.

मुलाच्या मूत्राशयाची क्षमता काढायचा एक सोपा ठोकताळा बालरोगतज्ज्ञ वापरतात: वयात दोन मिळवा आणि तीसनं गुणा. चार वर्षांच्या मुलाला (४+२)×३०, म्हणजे १८० मिलिलिटर. चहाचे दोन कप. ज्येष्ठांचं मूत्राशय मोठं असलं तरी पूर्ण भरायच्या आतच घाईची संवेदना देतं, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर सकाळचे पहिले काही तास कठीण जातात. ती गोळी परस्पर बंद करू नका. सहलीच्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे आधी डॉक्टरांना विचारा.

आता हिशेब करा. एका शौचालयासमोर बारा ज्येष्ठ, प्रत्येकी चार मिनिटं: अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्यात पहिल्या मुलाला पुन्हा लागलेली असते. निदान तीन शौचालयं असतील, त्यातलं एक कमोडचं असेल, अशीच जागा निवडा. ते जमत नसेल तर औषधांच्या मोठ्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, ती बरोबर घ्या. उकिडवं बसून झटकन उठताना रक्तदाब उतरतो आणि माणूस तिथंच कोसळू शकतो. थांबा दर सव्वा तासाला. मुलांना "लागलीय का?" असं विचारू नका. खेळात रमलेलं मूल नाहीच म्हणणार, आणि दहा मिनिटांनी घाटात गाडी थांबवावी लागेल.

पाणी घड्याळावर द्या: मुलांना दर अर्ध्या तासानं अर्धी वाटी, ज्येष्ठांना दर पाऊण तासानं पाऊण पेला. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचं पाणी मोजून असतं, त्यांना डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. एप्रिल-मेमध्ये बाहेरचा कार्यक्रम सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. उन्हात उभ्या बंद गाडीत "दोनच मिनिटं" म्हणून कुणालाही बसवू नका, दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढू शकतं. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, पावलं अडखळली, तर तो थकवा समजू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून जोरात वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पन्हाळ्याचा घाट

पन्हाळा जवळच्या सपाटीपेक्षा चारशे मीटरहून उंच आहे. हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबानं वर अडीच अंशांचा गारवा मिळतो आणि वाहन थेट वरपर्यंत जातं, म्हणून अशा मिश्र सहलीला ही जागा चांगली. अडचण गाडीतल्या जागांची होते. आपण मानानं पुढची सीट ज्येष्ठांना देतो. पण गाडी लागते ती मुख्यतः दोन ते बारा वर्षांच्या मुलांना. कानातलं तोलाचं इंद्रिय सांगतं हलतोय, आणि खिडकीपर्यंत न पोचणाऱ्या डोळ्यांना समोरच्या सीटची स्थिर पाठच दिसते. उतारवयात हा त्रास बराच कमी होतो. तेव्हा समोरचा रस्ता दिसेल अशा पुढच्या ओळी मुलांना द्या. ड्रायव्हरशेजारी मात्र मूल नको, मांडीवर घेऊन तर नकोच. ज्येष्ठांना दोन चाकांच्या मधल्या ओळींत बसवा. शेवटच्या सीटवर त्यांना कदापि बसवू नका. मागच्या चाकामागची सीट स्पीडब्रेकरवर वर उडते आणि ठिसूळ झालेल्या मणक्याला तो एक दणका दाबून मोडायला पुरतो.

खाणं

रंकाळ्यावर गेलं की भेळ आलीच. भेळेतले शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलांना नकोत. त्यांना नीट दळून खाता येत नाही आणि अख्खा दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. ज्येष्ठांची कवळी टाळू झाकते, त्यामुळे तोंडात काय आहे हे नीट समजत नाही. कारणं निराळी, पथ्य एकच: मऊ, बारीक, बसून आणि न बोलता. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. डब्याला दशमी उत्तम, टिकते आणि पाण्याशिवायही मऊ राहते. शिजवलेला भात दोन तासांत संपवा, उन्हाळ्यात एका तासात; तांबडा-पांढरा घरी परतल्यावर.

जेवणाची वेळ चुकली की आधी मुलं बिथरतात. पाच वर्षांच्या आसपास मुलाच्या शरीराच्या विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून जास्त एकटा मेंदू वापरतो आणि यकृतातला साखरेचा साठा छोटा असतो. दर अडीच तासांनी काहीतरी पोटात जायलाच हवं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांनाही उशीर घातक. त्यांना थरथर आणि थंड घाम सुटला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. जेवणानंतर दोन तासांपर्यंत ज्येष्ठांचा रक्तदाब उतरू शकतो, कारण रक्त आतड्यांकडे वळतं. जेवून लगेच पन्हाळ्याचा तीन दरवाजा बघायला निघणं म्हणजे चक्करेला आमंत्रण. एक ते अडीच ही मुलांच्या झोपेचीही वेळ असते. दोघांचं घड्याळ आपणहून जुळतं ते इथंच, तेव्हा या वेळेत काहीही ठेवू नका.

एकमेकांशी बोलणं

एकत्र नेण्याचं खरं फळ चालण्यात नसून बसण्यात आहे, आणि तेही नीट बसवलं तरच मिळतं. वयामुळे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'त', 'च' ही व्यंजनं तिथंच असतात. त्यात मुलांचा आवाज बारीक. म्हणून "मूल काय म्हणतंय ते कळत नाही" ही तक्रार हमखास येते. ओरडून उपयोग नसतो. अंतर एक मीटरच्या आत ठेवा, उजेड मुलाच्या चेहऱ्यावर पडू द्या, ज्येष्ठांची पाठ भिंतीकडे. खुर्चीत बसलेल्या आजीचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरवर असतात, आणि उभ्या चार वर्षांच्या मुलाचे नव्वदच्या जरा वर. म्हणजे आजी खुर्चीत आणि मूल समोर उभं, ही सर्वांत सोपी मांडणी. सगळ्यांना गोल करून सतरंजीवर बसवलं की गुडघेही दुखतात आणि ओठही दिसत नाहीत.

जागा निवडताना कणेरी मठाचं सिद्धगिरी वस्तुसंग्रहालय वरच्या क्रमांकावर ठेवावं. बारा बलुतेदारांचं गाव तिथं शिल्पांतून उभं केलेलं आहे. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत ठळक राहतात, त्यामुळे मोट किंवा जातं समोर आलं की ऐंशीचे आजोबा न अडखळता बोलू लागतात. मात्र अख्खं संग्रहालय एका दमात दाखवू नका, ते मोठं आहे. तीन-चार देखावे निवडा. दोन ज्येष्ठ आणि तीन मुलं असे गट करा, एका देखाव्याला दहा-बारा मिनिटं. नंतर जुन्या वस्तू प्रत्यक्ष हाताळायला द्या: कंदील, रवी, मापटं. ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावेल इतकी लहान वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. भोकाचा पैसा आजोबांनी आपल्याच तळहातावर ठेवून दाखवावा.

न्यू पॅलेससारख्या वास्तूत उन्हातून आत शिरताना दाराशी दोन मिनिटं थांबा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो आणि अंधाराला सरावायलाही वेळ लागतो. मुलं तेवढ्यात आत पळालेली असतात आणि त्यांच्यामागे जाणाऱ्याला उंबरठा दिसत नाही.

सर्दी-खोकला असलेलं मूल त्या दिवशी घरी. मुलाचा दोन दिवसांचा फ्लू ज्येष्ठाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. फ्लूची लस घ्यायची तर सहलीच्या किमान दोन आठवडे आधी, कारण शरीराला संरक्षण उभं करायला तेवढा वेळ लागतो. खाण्याआधी सगळ्यांनीच साबणानं वीस सेकंद हात धुवावेत.

आयोजकांनी तिसऱ्या दिवशी प्रत्येक ज्येष्ठाला फोन करावा. उतार उतरल्यानं मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतात आणि आपोआप बऱ्या होतात. पण पाठीच्या मधोमध एकाच जागी कळ येत असेल, कूस बदलताना ती वाढत असेल, तर मालिश नको; आधी एक्स-रे काढून घ्यावा.