ध्रुवीय मोहिमांच्या छायाचित्रांच्या कलाप्रिंट

ध्रुवीय मोहिमांच्या जुन्या निगेटिव्हांवरून टिकाऊ कागदावर, टिकाऊ रंगद्रव्यात किंवा धातूत काढलेल्या, संग्रहासाठी वा भिंतीवर लावण्यासाठी केलेल्या प्रती. यांत सर्वाधिक मागणी दोन अंटार्क्टिक छायाचित्रकारांना आहे: स्कॉटच्या टेरा नोव्हा मोहिमेतला (१९१०–१३) ब्रिटिश हर्बर्ट पाँटिंग आणि शॅकल्टनच्या एन्ड्युरन्स मोहिमेतला (१९१४–१७) ऑस्ट्रेलियन फ्रँक हर्ली. दोन्ही मोहिमांची नावे त्यांच्या जहाजांवरून पडली. पाँटिंगच्या निगेटिव्ह २००४ पासून केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटकडे आहेत. हर्लीच्या एन्ड्युरन्सच्या काचपट्ट्या लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जपल्या आहेत.

या प्रिंटांची परीक्षा बर्फात होते. चौकटीचा बहुतेक भाग हिम, धुके आणि आकाश यांनीच व्यापलेला असतो, आणि त्या काळच्या प्लेट (काचपट्टीच्या निगेटिव्ह) निळ्या प्रकाशाला जास्त व तांबड्याला फार कमी दाद देत, म्हणून आकाश सहज कोरे होई. पाँटिंगने ५ जानेवारी १९११ रोजी हिमनगातल्या गुहेतून टिपलेल्या जहाजाच्या चित्रात कडेच्या बर्फाच्या राखाडी छटा एकात एक मिसळल्या, की गुहेची खोलीच नाहीशी होते. हिम निगेटिव्हमध्ये सर्वांत दाट उतरते. साधा स्कॅनर नेमका तिथेच दाणेदार खळबळ करतो. म्हणून काचपट्टीचे स्कॅन १६ बिटमध्ये (म्हणजे छटांच्या अधिक पायऱ्या टिपत), दाट भागातला तपशील तपासूनच घ्यावे.

जुन्या प्रतींमध्ये कार्बन प्रिंटचा मान मोठा. पाँटिंगच्या कार्बन प्रिंट डिसेंबर १९१३ मध्ये लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत मांडल्या गेल्या व विकल्या गेल्या. या पद्धतीत रंगद्रव्य मिसळलेला जिलेटिनचा थर डायक्रोमेटने प्रकाशसंवेदी करतात. उजेड लागलेला भाग घट्ट होतो. थर दुसऱ्या कागदावर चिकटवून सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतला, की उरलेला वाहून जातो. एकदाच स्थानांतर केले तर चित्र आरशासारखे उलटे येते, म्हणून निगेटिव्ह पालथी ठेवतात किंवा दोनदा स्थानांतर करतात. कडेला उजेड न लागणारी पट्टी सोडली नाही, तर थराच्या कडा पाण्यात सुटून फाटतात. डायक्रोमेट विषारी आहे, हातमोजे हवेतच.

आज निवडक आवृत्त्या प्लॅटिनममध्ये निघतात. ही कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह आणि चित्र एकाच आकाराचे. शंभर वर्षांच्या काचेवर दाब देण्याऐवजी स्कॅनवरून पारदर्शक फिल्मवर हव्या त्या मापाची नवी निगेटिव्ह छापतात. ८ × १० इंचांसाठी फेरिक ऑक्झलेट आणि प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचे द्रावण सारख्या प्रमाणात, मिळून साधारण २ मिलिलिटर लागते. ते सुती कागदावर धातूची पट्टी नसलेल्या ब्रशने पसरायचे. लोखंडाचा कण लागला तर काळा ठिपका कायमचा राहतो. खोलीतली आर्द्रता ५० ते ५५ टक्के असावी. कागद फार कोरडा असेल तर काळा रंग फिका व दाणेदार येतो, फार ओला असेल तर द्रावण आत झिरपते. अतिनील दिव्याखाली एक्स्पोजर दिल्यावर पोटॅशियम ऑक्झलेटचा विकासक (चित्र उमटवणारे द्रावण) एका दमात ओतावा. चित्र क्षणात उमटते, पण हात मध्येच थबकला तर तिथे रेघ राहते. विकासक गरम केला तर छटा उबदार होते. बर्फाच्या चित्रांना तो मोह आवरलेला बरा. मग लोह काढण्यासाठी सौम्य आम्लात तीनदा, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटे बुडवणे, आणि अर्धा तास धुणे. लोह पूर्ण निघाले नाही तर हिमावर पिवळी झाक चढते. इतर चित्रांत ती खपून जाते, ध्रुवीय चित्रात लगेच डोळ्यांत भरते.

पिगमेंट इंकजेट (रंगद्रव्याच्या शाईची) प्रिंट स्वस्त आणि मोठ्या आकारात सोपी पडते. तिचा कागद १०० टक्के सुती व चमकद्रव्य (कागद अधिक पांढरा भासवणारे रसायन) नसलेला घ्यावा. बर्फाचा पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा, आणि चमकद्रव्य मावळले की तोच पिवळट होतो.

किती मोठे करायचे हे मूळ निगेटिव्ह ठरवते. नोव्हेंबर १९१५ मध्ये हर्लीने बर्फात अडकून बुडत चाललेल्या एन्ड्युरन्स जहाजातून प्लेटांचे डबे काढले. वजनापायी त्याने आणि शॅकल्टनने सुमारे १२० प्लेट निवडून सुमारे ४०० तिथेच फोडल्या. त्यानंतर त्याच्याकडे छोटा व्हेस्ट पॉकेट कोडॅक आणि तीन रोल उरले. त्यामुळे मोठ्या प्लेटवरची, बर्फात अडकलेल्या जहाजाची चित्रे भिंतभर मोठी करता येतात. जहाज बुडाल्यावर मोहिमेने आसरा घेतलेल्या एलिफंट बेटावरच्या, या कोडॅकच्या ४ × ६.५ सेंटिमीटर चौकटींचे मोठे प्रिंट मात्र भुरकट दिसतात. त्या लहानच ठेवाव्यात.

हर्ली अनेक निगेटिव्ह जोडून चित्र रचत असे, दुसरीकडचे ढगही घाली. सर्वांत ठळक उदाहरण ‘सुटके’चे: २४ एप्रिल १९१६ रोजी मदत आणायला निघालेल्या जेम्स केर्ड नौकेला एलिफंट बेटावरून निरोप देतानाचा प्रसंग ३० ऑगस्टच्या सुटकेचा म्हणून छापला गेला. अशा प्रिंटखाली चित्र जोडलेले किंवा बदललेले आहे हे लिहिलेच पाहिजे. पाहणारा या चित्रांकडे पुरावा म्हणून पाहतो.

विकत घेताना निगेटिव्ह कोणत्या संग्रहातली, प्रिंट कोणत्या साली काढली, पद्धत कोणती व आवृत्ती किती प्रतींची, हे लेखी घ्यावे. छायाचित्रकाराच्या काळात निघालेली जुनी प्रत आणि आजची नवी प्रत यांच्या किमतीत फार मोठे अंतर असते. भिंगाखाली प्लॅटिनममध्ये कागदाचे तंतू उघडे दिसतात, इंकजेटमध्ये शाईचे ठिपके. कार्बन प्रिंट तिरप्या उजेडात धरली की गडद भाग उंचावलेले दिसतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते. फ्रेम बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, काच प्रिंटला लागू देऊ नये. जुन्या प्लॅटिनम प्रिंटला वर्षानुवर्षे चिकटून राहिलेल्या कागदावर तिचीच फिकट, उलटी, पिवळसर छाया उमटते. ती पद्धतीची चांगली खूण आहे, म्हणून फ्रेम बदलताना तो कागद टाकून देऊ नये.