थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहतं?

सोलापुरात पारा ४० च्या वर गेला की जुन्या ट्रकचा थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की काही गरम पाणी रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनातच फिरतं. भरल्या गाडीचा तापमानाचा काटा उलट चढतो. थंडीत इंजिन गार राहून लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) झिजतात, ते वेगळंच.

शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बहुधा ८० च्या पुढेमागे, तो उघडायला हवा. उघडला नाही तर नवाच बसवा.

खरा दोष बहुतेकदा दुसरीकडे असतो: रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं उसाचं पाचट, ढिला फॅनबेल्ट, आणि वर्षानुवर्षं भरलेल्या बोअरच्या पाण्याचा क्षार.