पेंटबॉल मार्कर : ॲनोडाइज्ड भागांचे नूतनीकरण

पेंटबॉलच्या खेळात दाबाखालच्या हवेने किंवा कार्बन डायऑक्साइडने रंगगोळी उडवणाऱ्या बंदुकीला ‘मार्कर’ म्हणतात. १९८१ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर येथे पहिला सामना झाला. त्यात वापरलेली नेलस्पॉट ००७ पिस्तुले मुळात झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी होती, त्यावरूनच हे नाव आले. पुढे मार्करचे सांगाडे ॲल्युमिनियमचे झाले, त्यांवर रंगीत ॲनोडायझिंग होऊ लागले आणि १९९० च्या दशकात ऑटोकॉकरसारख्या मार्करांचे सांगाडे हौसेने कोरून, नव्या रंगात करून घेण्याची रीत पडली.

ॲनोडायझिंगचा रंग वरून फासलेला नसतो. सौम्य गंधकाम्लात भाग धनाग्र म्हणून टांगून वीज सोडली की त्याच्याच पृष्ठभागाचे ॲल्युमिनियम ऑक्साइड होते. या थरात सूक्ष्म छिद्रे असतात. रंगद्रव्य त्यांत शिरते आणि मग उकळत्या पाण्यात छिद्रे मिटवली जातात. नेहमीचा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा असतो, ‘हार्ड’ प्रकारचा त्याहून जाड. आपल्या स्वयंपाकघरातला काळा हार्ड ॲनोडाइज्ड कुकर याच कुळातला. म्हणून चरा पडलेल्या जागी रंगाचा ठिपका देऊन भागत नाही. पूर्ण थर उतरवून पुन्हा सुरुवात करावी लागते.

थर उतरवण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे द्रावण वापरतात. भाग बुडवला की काही वेळात रंग सुटतो आणि थराखालचा उघडा धातू लागला की जोरात बुडबुडे येतात. हा हायड्रोजन असतो, त्यामुळे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर, हातमोजे आणि चष्मा घालून करायचे. खरे कौशल्य भाग वेळेवर बाहेर काढण्यात आहे, कारण कॉस्टिक धातूलाही सोडत नाही. मिनिटभराच्या आळसाने आटे सैल होतात, कोरलेली अक्षरे बोथट होतात आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बसते ती जागा खडबडीत होऊन हवा गळू लागते. बाहेर काढलेल्या भागावर अंगठा फिरवला तर काजळी लागते. मिश्रधातूतले तांबे, सिलिकॉन वगैरे न विरघळता मागे राहिलेले असतात. कारखान्यात ही काजळी नायट्रिक आम्लाने काढतात.

त्यानंतरचे घासकाम सर्वांत वेळखाऊ. ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून ६००, ८००, १००० असे चढत जायचे, पाणी लावून. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलली की आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसते. घाईत राहिलेली ४०० ची एक रेघ थेट बफिंगला, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवताना, उठून दिसते, आणि मग मागे जाण्यावाचून इलाज नसतो. कापडी बफवर आधी तपकिरी, मग पांढरे पॉलिश लावतात. कडांवर बफ जोरात दाबला तर त्या गोल होतात. मशीनवर कापलेल्या धारदार रेषा हेच ज्या सांगाड्याचे सौंदर्य, त्याला आरशासारखी चमक देण्याऐवजी काचेच्या मण्यांचा मारा करून मॅट ठेवणे चांगले.

नुसते पॉलिश केलेले ॲल्युमिनियम हाताच्या घामाने लवकर मंद होते, म्हणून पुन्हा ॲनोडायझिंग करून घेतात. त्यासाठी स्टीलचा एकही स्क्रू भागात राहता कामा नये, गंधकाम्लाच्या टाकीत तो विरघळू लागतो आणि काम बिघडवतो. ६०६१ आणि ७०७५ या दोन मिश्रधातूंचे भाग एकाच रंगात बुडवले तरी छटा वेगळी येऊ शकते. सिलिकॉन जास्त असलेले ओतीव भाग तर राखाडीच दिसतात. भाग रंगातून हळूहळू वर ओढला की गडदाकडून फिक्याकडे जाणारी छटा मिळते. टांगणीचा चिमटा लागतो तिथे थर बसत नाही, म्हणून अनुभवी कारागीर तो आट्यांच्या आत धरतो.

हवेचे सिलिंडर मात्र या यादीत येत नाहीत. ॲल्युमिनियमचे सिलिंडर साधारण ३००० पीएसआय (दाबाचे एकक, पौंड प्रति चौरस इंच) पर्यंत भरतात, कार्बन फायबरचे ४५०० पर्यंत. त्यांना कॉस्टिक लागू द्यायचे नाही, घासायचे नाही, तापवायचे नाही. सिलिंडरवरचा ओरखडा खोल वाटला तर तो पॉलिशवाल्याकडे न नेता तपासणीला द्यायचा.